परक्याची पायरी

आमचे घर निर्मळहून कळंबच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे, एवढे सांगितले म्हणजे वसईकर वाचकांना आमच्या रविवारची कल्पना येईल. इतर वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही घरी येतो, न्याहारी होते आणि वर्तमानपत्र घेऊन ओटीवर टेकावे, तोच नालासोपाऱ्याच्या बाजूने रिक्षा येऊ लागतात. मागोमाग मोटारसायकली. दहा वाजेपर्यंत रस्ता भरून वाहू लागतो. मुंबई आणि तिच्या उपनगरांतून आलेली ही तरुण मंडळी समुद्राच्या ओढीने निघालेली असतात. परंतु समुद्राच्या आधी त्यांना आमची विहीर लागते. विहीर रस्त्यापासून दहा पावलांवर, तिच्यावर जुन्या चिंचेची दाट सावली आणि भोवती आमच्या आजोबांनी बांधून घेतलेला रुंद दगडी कठडा. बसून खाण्यापिण्यासाठी याहून सोयीची जागा त्या वाटेवर दुसरी नाही, हे आम्हीही मान्य करतो.

मंडळी बसतात, खातात, गाणी लावतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. मागे राहतात वेफर्सची पाकिटे, कागदी बशा, प्लॅस्टिकचे पेले आणि बाटल्या. त्यांतल्या काही पाण्याच्या असतात. एकदा एक बाटली थेट विहिरीत सापडली. त्या आठवड्यात आम्ही विहीर उपसून घेतली. दर रविवारी संध्याकाळी खराटा घेऊन कठड्याभोवतीची जागा झाडणे हा निवृत्तीनंतर आमचा नेमच होऊन बसला. पुढे आम्ही एक फलक रंगवून लावला: ‘खाजगी जागा. कृपया येथे बसू नये.’ दोन पावसाळ्यांनी अक्षरे पुसट झाली तेव्हा तो पुन्हा रंगविला; तिसऱ्या वेळी रंगविताना ‘कृपया’ हा शब्द आम्ही गाळला. घरात तर ‘पर्यटक’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. जेवून झाल्यावर ताट न उचलता उठणाऱ्या नातवंडाला आमच्याकडे ‘पर्यटक’ म्हणतात.

असे आम्ही, जुलै २०२४मध्ये स्वतःच पर्यटक झालो.

आम्ही चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला. आल्प्स पर्वत, ऱ्हाईन नदी, भूमध्य सागरी हवामान, हे सारे भिंतीवरच्या नकाशावर छडीच्या टोकाने दाखविले. प्रत्यक्षात मात्र आमची मजल महाबळेश्वर आणि गोव्यापलीकडे गेली नव्हती. आल्प्स खरोखरच आहे की नाही, हे एकदा पाहून यावे असे मनात होते. आमच्या सौ.ना ओढ होती ती रोमची. मुलांनी निम्मा भार उचलला, उरलेल्यासाठी आम्ही एक मुदत ठेव मोडली आणि चौदा दिवसांत सात देश दाखविणाऱ्या एका सहलीत आम्हां उभयतांची नावे नोंदविली. व्हिसासाठी मुंबईला जाऊन दहाही बोटांचे ठसे दिले. बँकेचे उतारे, निवृत्तिवेतनाचा दाखला, विमा, परतीचे तिकीट, असे सगळे कागद जोडले. आम्ही परत येऊ याची त्या देशांना खात्री हवी होती. आमची विहीर आणि केळीची वाडी सोडून आम्ही तेथे कशासाठी राहणार, हे लिहायला मात्र अर्जात जागा नव्हती. सौ.नी सामानात सुकेळीच्या दोन पुड्या ठेवल्या. उन्हात सुकविलेली आणि केळीच्याच वाळल्या पानात बांधलेली ही राजेळी केळी जवळ असली की माणूस उपाशी राहत नाही, असा त्यांच्या माहेरचा विश्वास आहे.

आमच्या बसमध्ये बेचाळीस माणसे होती. मुलांच्या शाळा सुरू झालेल्या, त्यामुळे बहुतेक सगळे आमच्यासारखेच निवृत्त. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा चहू बाजूंनी आलेले. सहलीचा व्यवस्थापक तिशीतला, हसतमुख आणि घड्याळाचा पक्का तरुण होता. पहिल्याच संध्याकाळी त्याने आम्हांला ‘सहा-सात-आठ’ हा मंत्र दिला: सहाला उठायचे, सातला न्याहारी, आठला बस सुटणार. निवृत्तीनंतर गजराचे घड्याळ आम्ही अडगळीत टाकले होते. आता विश्रांतीसाठी काढलेल्या सहलीत ते पुन्हा उशाशी आले.

या सहलींचा हा पहिला विनोद. दुसरा असा की, जे पाहायला जावे ते दिसतेच असे नाही. पॅरिसमध्ये मोनालिसासमोर आम्ही उभे राहिलो. मूळ चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद. आमच्या वाट्याला ते आले पुढच्या गृहस्थाने डोक्यावर उंच धरलेल्या मोबाइलच्या पडद्यावर, काडेपेटीएवढे. तिसरा विनोद वेळेचा. युरोपात बसचालकाने साडेचार तास गाडी चालविली की त्याला पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते, आणि दिवसाकाठी त्याने किती तास चाक धरायचे यालाही मर्यादा आहे. गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. कायदा उत्तम आहे. आपल्याकडच्या चालकांनाही तो लाभावा. परंतु कोणी पाच मिनिटे उशिरा आला की ती पाच मिनिटे पुढच्या एखाद्या चर्चमधून नाहीतर तळ्याकाठच्या फेरफटक्यातून कापली जात. महामार्गावर लघुशंकेला एक युरो पडे, म्हणजे त्या वेळचे नव्वद रुपये. सौ. प्रत्येक गोष्टीला मनातल्या मनात नव्वदने गुणीत आणि मग पाणी कमी पीत. रोज रात्री जेवायला डाळ, भात आणि पनीर. कोळंबी आणि बोंबलावर वाढलेल्या आमच्या जिभेने तेरा दिवस निमूट उपास सोसला.

तक्रारी पुष्कळ झाल्या. सुखेही सांगितली पाहिजेत, नाहीतर आम्ही कृतघ्न ठरू. सौ.ना विचाराल तर आयफेल मनोऱ्याच्याही आधी त्या सांगतात, की लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाल्यावर प्रथमच सलग चौदा दिवस त्यांनी चूल पेटविली नाही. आमचे सुख निराळे. स्वित्झर्लंडमध्ये आम्ही युंगफ्राउयोखला गेलो. समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवर, डोंगराच्या पोटातून बोगदा खणून नेलेली ही रेल्वे १९१२पासून चालू आहे. वर सज्जात आलो आणि समोर आलेच हिमनदी पसरलेली दिसली. आल्प्समधली ही सर्वांत लांब हिमनदी. दूर खाली, वितळलेल्या बर्फाच्या पांढऱ्या पाटावर, गाडीच्या चाकोऱ्यांसारखे काळसर पट्टे वळण घेत गेले होते. तो मध्य हिमोढ होता. दोन हिमनद्या एकत्र आल्या की त्यांच्या कडेचे दगडधोंडे मधोमध येऊन असा पट्टा तयार होतो, हे वाक्य आम्ही चौतीस वर्षे वर्गात उतरवून दिले होते. एकाही विद्यार्थ्याने त्याबद्दल शंका विचारली नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही कधी विचारली नाही. तो शब्द त्या दिवशी डोळ्यांपुढे पडलेला पाहिला आणि आमचा कंठ दाटून आला. सौ. म्हणाल्या, “अहो, थंडी बाधली का?” आम्ही हो म्हणालो.

एवढ्या एका क्षणासाठी मुदत ठेव मोडली तरी ती वाया गेली नाही, असे आम्हांला वाटते. म्हणूनच पर्यटनाची टवाळी करणाऱ्यांत आम्ही सामील होत नाही. ज्यांना घरबसल्या सारे उपलब्ध आहे, त्यांनी ती खुशाल करावी. अशा सामुदायिक सहलींचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो टॉमस कुक हा इंग्लंडमधला एक सुतार, बॅप्टिस्ट पंथाचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टर गावाहून लफबरोपर्यंत खास आगगाडी ठरविली आणि माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे ५०० सामान्य माणसांना नेले. ती माणसे निघाली होती मद्यपानविरोधी मेळाव्याला! लोकांना दारूपासून दूर ठेवावे, या हेतूने निघालेल्या त्या गाडीचे वंशज दर रविवारी आमच्या कठड्यावर बाटल्या ठेवून जातात, हा इतिहासाचा चमत्कार म्हणायचा. पुढे कुकच्या सहली युरोपभर जाऊ लागल्या, तेव्हा उच्चभ्रू इंग्रज त्यांच्याकडे पाहून नाके मुरडीत. बसमध्ये आम्ही ही हकीकत सहप्रवाशांना सांगितली. सगळे हसले, आम्हीही हसलो. आपण नाके मुरडणाऱ्यांपैकी नाही, याबद्दल तेव्हा आमच्या मनात शंका नव्हती.

मग व्हेनिस आले.

व्हेनिसला आमचा मुक्काम नव्हता. पादुआ शहराबाहेर, महामार्गाजवळच्या एका हॉटेलात रात्र काढून आम्ही सकाळी बसने आणि मग बोटीने निघालो. २०२४च्या एप्रिलपासून त्या शहराने एक नवा कर बसविला होता. गर्दीच्या ठराविक २९ दिवशी, मुक्काम न करता दिवसापुरते जे येतात, त्यांच्याकडून माणशी ५ युरो. शनिवार, १३ जुलै हा त्यांतलाच एक दिवस. आमच्या मोबाइलवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन उमटला होता, तोच आमचा परवाना. बोटीवर स्थानिक मार्गदर्शक बाई सांगत होत्या, की १९५१च्या सुमारास या बेटांवरच्या जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२मध्ये हा आकडा ५०,०००च्या खाली गेला. रिआल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाने उरलेल्या रहिवाशांची संख्या दाखविणारा फलक काचेत लावला आहे. आम्ही हे ऐकले, पण अर्धवट. त्या वेळी सेंट मार्कचा मनोरा पाण्यातून वर येत होता आणि बेचाळीसही जण बोटीच्या एकाच बाजूला जमून छायाचित्रे काढीत होते.

चौकात उन्हाचा तडाखा होता. बसायला बाक नाही. ज्या उपाहारगृहापुढे खुर्च्या होत्या, तेथे चहाबरोबर वाद्यवृंदाचेही पैसे पडतात असे कळले. सौ.नी नव्वदने गुणले आणि मान हलविली. त्यांचे पाय सुजले होते. व्यवस्थापकाने दीड तास मोकळा दिला होता, म्हणून आम्ही आणि आणखी सहा जण एका कमानीखालून आतल्या गल्ल्यांत शिरलो. दोन पूल ओलांडल्यावर एक लहानसा चौक लागला. तेथे चक्क सावली होती आणि कोणी माणूस नव्हता. मधोमध कोरीव दगडाची एक जुनी विहीर. तिचे तोंड लोखंडी झाकणाने बंद केलेले. मंडळींनी पिशव्या त्या झाकणावर ठेवल्या. आम्ही उभयतां समोरच्या एका घराच्या पायरीवर टेकलो. दगड थंडगार होता. सौ.नी चपला काढल्या, सुकेळीची पुडी सोडली, कोणी ठेपले काढले, कोणी भावगीत लावले.

विहीर पाहून आमच्यातला मास्तर जागा झाला. आम्ही बसल्या जागेवरून सांगू लागलो: हे शहर खाऱ्या पाण्यात, गोड्या पाण्याचा झरा नाही, म्हणून येथे चौकात पडणारे पावसाचे पाणी वाळूच्या थरांतून गाळून अशा विहिरींत साठवीत. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले आणि विहिरी झाकल्या गेल्या. मंडळी माना डोलावीत होती. इतक्यात एक वृद्ध बाई चौकात आल्या. सत्तरी उलटलेली, केस चापून बसविलेले, मागे दोन चाकांची कापडी पिशवी, तिच्यातून भाजीची पाने डोकावत होती. त्या आमच्यापासून चार हातांवर थांबल्या. आम्हांला वाटले, बाई आमचे बोलणे ऐकत आहेत. आणि, आता लिहितानाही लाज वाटते, आम्ही आवाज थोडा चढविलाच.

बाई थांबूनच राहिल्या. मग त्यांनी एक बोट वर करून आमच्या डोक्यामागे दाखविले. आम्ही वळून पाहिले. दाराशेजारी एक लहान फलक होता. चार भाषांत लिहिलेला. त्यांतली इंग्रजी आम्हांला कळली. हे राहते घर आहे, कृपया पायरीवर बसू नये. अक्षरांवर दुसऱ्यांदा रंग चढविला होता. ते ओळखायला आम्हांला दुसऱ्या कोणी शिकवायला नको होते.

आम्ही धडपडत उठलो. पाण्याची बाटली कलंडली आणि पायरी ओली झाली. पुडीचे वाळले पान खाली पडले होते, ते उचलायला आम्ही वाकलो. त्याआधीच बाईंनी ते दोन बोटांत धरून उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि आपल्या पिशवीच्या कप्प्यात टाकले. सौ.नी त्यांची पिशवी उंबऱ्यावरून उचलून द्यायला हात पुढे केला. बाईंनी नकारार्थी मान हलविली. आम्ही इंग्रजीत माफी मागितली. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर आम्हांला बरे वाटले असते. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, “ओन्यी जोर्नो.” दार उघडून त्या आत गेल्या, केरसुणी घेऊन बाहेर आल्या आणि पायरी झाडू लागल्या. आम्ही पूल ओलांडेपर्यंत तो आवाज मागून येत होता.

परतीच्या बोटीवर आम्ही मार्गदर्शक बाईंना त्या शब्दांचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, “दररोज.”

आमच्या वाट्याला फक्त रविवार येतो.

बोटीवर सौ. गप्प होत्या. त्यांना बोलते करावे म्हणून आम्ही म्हणालो, “आपण काही फुकट आलो नव्हतो. पाच-पाच युरो भरलेत.”

सौ. पाण्याकडे पाहत म्हणाल्या, “कळंबला येणारी पोरेही रिक्षाचे पैसे भरूनच येतात.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मराठीत आपली पायरी ओळखून वागावे असे म्हणतात. आम्ही ते विद्यार्थ्यांना अनेकदा ऐकविले होते. परक्याच्या पायरीवर बसलो असता आपली पायरी कोणती, हा प्रश्न मात्र त्या दिवशी प्रथमच आमच्यापुढे आला. बसमध्ये रात्री पुष्कळ वेळ झोप लागली नाही. आम्ही मनाशी भेद करून पाहिले. आम्ही बाटल्या फोडल्या नाहीत, दारू प्यायलो नाही, कोणाच्या विहिरीत काही टाकले नाही. हे सगळे खरे होते. परंतु ती बाई घरी आली तेव्हा तिच्या दारात आठ अनोळखी माणसे बसली होती, गाणे चालले होते आणि एक मास्तर तिच्याच चौकातल्या विहिरीचा इतिहास तिला मोठ्याने ऐकवीत होता, हेही खरे होते. आमच्या विहिरीवर बसणाऱ्या मुलांनाही आपण वाईट आहोत असे वाटत नसणार. आमच्याप्रमाणेच त्यांनाही फक्त सावली दिसलेली असते.

दोन दिवसांनी रोम. सिस्टाइन चॅपेलबद्दल आम्ही तरुणपणापासून वाचले होते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविलेले ते छत पाहण्यासाठी वर्षाला साठ लाखांहून अधिक माणसे व्हॅटिकनच्या संग्रहालयांतून जातात. आम्ही त्या ओघात सापडलो. थांबायला जागा नव्हती, पहारेकरी मधूनमधून शांततेसाठी ओरडत होते आणि त्यांच्याच ओरडण्याने शांतता मोडत होती. एरवी आम्ही ‘काय ही गर्दी’ म्हणून करवादलो असतो. त्या दिवशी तो शब्द ओठांवर येऊन परत गेला, कारण त्या गर्दीतली दोन माणसे आमच्याच घरची होती. शेजारी एक वृद्ध गृहस्थ, बहुधा कोरियाचे, मान दुखेपर्यंत वर पाहत होते. त्यांना धक्का लागू नये म्हणून आम्ही जरा सरकलो, आमच्यासाठी आणखी कोणी सरकले. संत पेत्राच्या मंदिरात सौ.ना गुडघे टेकून प्रार्थना करायची होती आणि व्यवस्थापकाने दिलेली वेळ संपत आली होती. तेव्हा आमच्याच बसमधल्या पुण्याच्या एक काकू सौ.ची पिशवी हातात घेऊन म्हणाल्या, “तुम्ही निवांत बसा. बसवाल्याला मी पाहते.” त्यांनी खरोखरच पंधरा मिनिटे बस थांबविली. चालकाच्या यंत्राने त्याची काय नोंद केली कोण जाणे!

तेथे गुडघ्यांवर असताना आम्हांला पन्नास वर्षांपूर्वीचा प्रवास आठवला. १९७४ साली जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाच्या प्रदर्शनाला वडील आम्हां सर्वांना घेऊन गेले होते. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट, डेकवर अंथरलेल्या चटया, रात्रभर उलट्या. पणजीला उतरलो तेव्हा आई निम्मी झाली होती. गर्दीमुळे कोठे जागा मिळेना. शेवटी रायबंदरला एका अनोळखी घराच्या ओटीवर वडिलांनी गाठोडी ठेवली आणि आत हाक मारली. घरातल्या बाई बाहेर आल्या. सात माणसे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, ती आम्हांला अजून दिसते. मग त्या आत गेल्या आणि पेजेचे भांडे घेऊन आल्या. त्या महिन्यात त्यांच्या ओटीवर किती जणांनी पथारी टाकली असेल, हा विचार त्या वयात आमच्या मनाला शिवला नाही. आम्ही पेज प्यायलो आणि झोपलो.

आठी आणि पेज, दोन्ही त्याच बाईंची. व्हेनिसच्या बाईंकडून आम्हांला पेज मिळाली नाही, आणि ती मागण्याचा आम्हांला अधिकारही नव्हता. जेथे रोज हजारो माणसे येतात, तेथे एका घराच्या आतिथ्याने काय होणार! तेथे कर लागतात, नियम लागतात. त्याच वर्षी व्हेनिसने पंचवीसहून अधिक माणसांचे मार्गदर्शित गट आणि मार्गदर्शकांचे ध्वनिवर्धक यांवर बंदी घातली. आमचा बेचाळिसांचा जथा पाहता ती योग्यच म्हणायची. कळंबलाही कचऱ्याची सोय, शौचालये आणि बंदोबस्त हवा; त्यासाठीच्या अर्जांवर आम्ही पूर्वी सह्या केल्या आहेत, पुढेही करू. परंतु सह्या करणारा माणूस आणि सावली शोधणारा माणूस यांच्यात आम्ही जी भिंत मानली होती, ती आता आम्हांला सापडत नाही.

घरी परतलो तेव्हा पाऊस कोसळत होता. दुसऱ्याच रविवारी दुपारी दोन मोटारसायकलींवरून पाच मुले आली आणि चिंचेखाली थांबली. समुद्र खवळलेला, तिकडे जाऊ देत नव्हते. चिंचेने अडवावा असा तो पाऊस नव्हता. मुले निथळत कठड्याजवळ उभी होती. फलक वाचून असेल किंवा ओटीवर आम्हांला पाहून असेल, बसली मात्र नव्हती. आम्ही वर्तमानपत्रातून पाहत होतो. आमच्या कपाळाला आठी पडली असणार, कारण सौ. दारात येऊन म्हणाल्या, “अहो, बोलवा ना त्यांना.” मग आमची वाट न पाहता त्यांनीच हाक मारली.

मुले ओटीच्या पायरीवर बसली. आत या म्हटले तर, “नको काकू, ओले आहोत,” म्हणाली. एकाने विचारले, “अंकल, इथे बसलो तर चालेल ना?” कुर्ला-साकीनाक्याची मुले; एका गोदामात माल चढविण्या-उतरविण्याचे काम करणारी. महिन्यातून एकच रविवार पाचांना एकत्र मिळतो, असे त्यांनी सांगितले. आम्हांला नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण झाली. त्यांच्या प्रयत्नांनी १८९०मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा मिस्सेचा आणि आमच्या विश्रांतीचा दिवस, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. त्या दिवसावर या मुलांचाही हक्क आहे, आणि तो त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने झगडून मिळविला आहे, हे इतिहासाच्या तासाला शिकलो होतो खरे, पण आमच्या ओटीशी त्याचा संबंध लावला नव्हता. सौ.नी चहा केला. मुलांनी पेले विसळून पालथे घातले. पाऊस ओसरल्यावर ती निघाली, तेव्हा एकाने विचारले, “अंकल, तुमी कुटे फिरायला जाता की नाही?” आम्ही म्हणालो, “जातो कधीकधी.”

ती गेल्यावर पाहिले, तर पायरीच्या कोपऱ्यात वेफर्सचे एक रिकामे पाकीट राहिले होते. आम्ही ते दोन बोटांत धरून उचलले आणि क्षणभर तसेच उभे राहिलो.

बाटल्या आम्ही आजही खपवून घेत नाही. विहिरीत काही पडले तर आरडाओरडा करतो, आणि करू. संध्याकाळी खराटा हातात असतोच. मात्र कठड्यापासून थोडे दूर, चिंचेखाली एक बाक आणि झाकणाची कचरापेटी आता आम्ही ठेविली आहे. पेटीचा उपयोग निम्मे लोक करतात. पावसाळा सरल्यावर फलकही पुन्हा रंगविला आणि गाळलेला ‘कृपया’ त्यात परत घातला. जागा कमी पडली, म्हणून तो शब्द जरा बारीक आला आहे. पण रस्त्यावरून वाचता येतो.